क्रूझवरचं जेवण: वाढपाचा वेग बोटीवर चढण्याआधीच ठरवा

क्रूझचं बुकिंग करताना लोक केबिनला बाल्कनी आहे का, बोट कुठल्या बंदरांना लागणार, हे खोदून खोदून विचारतात. जेवणाचा रकाना मात्र एजंट भरेल तसा राहू देतात. मग तिसऱ्या रात्री कुरकुर सुरू होते. कोणाला दोन कोर्सच्या मध्ये ताटकळावं लागतं, तर कोणाचा शेवटचा घास तोंडात असतानाच प्लेट उचलली जाते. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा त्या रकान्यात असतं, म्हणून तयारीची सुरुवात तिथूनच करायची.

पहिला प्रश्न पंगतीचा. मेन डायनिंग रूम, म्हणजे तिकिटाच्या पैशांतच जिथलं जेवण येतं तो मोठा हॉल, बऱ्याच बोटींवर दोन पद्धतींनी चालतो. जुनी पद्धत ठरलेल्या वेळेची: रोज तीच वेळ, तेच टेबल, तोच वेटर. पहिली पंगत संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास बसते, दुसरी आठ-साडेआठला. पहिल्या पंगतीचं टेबल पुसून, मांडून दुसरीसाठी तयार करायचं असतं, त्यामुळे तिथलं वाढप चटपटीत असणारच. वेटरचा त्यात काही दोष नसतो. दुसऱ्या पंगतीच्या मागे कोणी उभं नसतं, म्हणून गप्पा मारत, रेंगाळत जेवणाऱ्यांनी तीच घ्यावी. लहान मुलं बरोबर असतील, औषधांच्या वेळा पाळायच्या असतील किंवा दहाला झोपायची सवय असेल तर पहिली. भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या युरोपीय कंपन्यांच्या बोटींवर दोन्ही वेळा आणखी पुढे सरकलेल्या असतात, तेव्हा आकडा बघूनच निवडा.

दुसरी पद्धत मोकळ्या वेळेची. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ नावाने ती गाजवली. रॉयल कॅरिबियन तिला ‘माय टाइम’ म्हणते, कार्निव्हल ‘युअर टाइम’. केव्हाही या, मिळेल त्या टेबलावर बसा. ऐकायला झकास, पण सात-साडेसातला सगळ्यांनाच भूक लागते आणि दारात रांग लागते. शिवाय रोज वेटर नवा, त्यामुळे तुम्हाला पाण्यात बर्फ लागत नाही हे रोज नव्याने सांगायचं. ही पद्धत घेतलीच तर सहाच्या आगेमागे किंवा आठनंतर जा. अ‍ॅपवर वेळ राखून ठेवायची सोय असेल तर सगळ्या रात्रींसाठी एकच वेळ धरा, आणि आवडलेल्या वेटरचं टेबल दारावरच्या माणसाकडे नाव घेऊन मागा. वेळेचं स्वातंत्र्यही राहतं आणि ओळखीचा माणूसही मिळतो. माझं मत विचाराल तर ठरलेल्या वेळेची दुसरी पंगतच बरी. चौथ्या रात्रीपर्यंत वेटरला तुमच्या जेवणाची लय कळलेली असते, आणि ही गोष्ट वरचे पैसे मोजून मिळत नाही.

ठरलेलं टेबल प्रवाशांना किती हवंसं असतं, याचा अनुभव रॉयल कॅरिबियननेच घेतलाय. 2014 साली ‘क्वांटम ऑफ द सीज’ ही बोट आणताना कंपनीने एका मोठ्या हॉलऐवजी वेगवेगळी छोटी रेस्टॉरंटं दिली आणि रोज हवं तिथे बुकिंग करा असं सांगितलं. काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळून जुनी पंगत परत आणावी लागली. डिस्नेच्या बोटींवर तिसराच प्रकार: रेस्टॉरंट रोज बदलतं, पण वेटर तुमच्याबरोबर फिरतो. मुलांना हे फार आवडतं. क्युनार्ड कंपनीच्या ‘क्वीन मेरी 2’ या बोटीवर तर तुम्ही कुठे जेवणार हे केबिनच्या दर्जावरून ठरतं. तिथे जेवणाची निवड म्हणजे केबिनचीच निवड.

हवी ती पंगत भरली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घालून विसरून जाऊ नका. बोटीवर चढल्या दिवशी दुपारी हेड वेटर किंवा मेत्र दी (डायनिंग रूमचा प्रमुख) एका ठरावीक जागी बदल करून द्यायला बसलेला असतो. ती वेळ अ‍ॅपवर किंवा केबिनमधल्या छापील पत्रकात असते. पहिल्या तासाभरात गेलात तर काम होतं. संध्याकाळी दारात उभं राहून हुज्जत घातली तर सहसा होत नाही. त्याच फेरीत आपलं टेबल कुठे आहे तेही डोळ्यांनी पाहून घ्या. स्वयंपाकघराच्या दाराशी, वेटरच्या सर्व्हिंग स्टेशनला खेटून किंवा मधल्या वाटेवर असेल तर तिथेच सांगून बदला. बोट लागणाऱ्यांनी हॉल बोटीच्या अगदी मागच्या टोकाला असेल तर त्यातल्या त्यात बोटीच्या मध्याकडचं टेबल मागावं, टोकाला हेलकावे जास्त जाणवतात.

टेबल किती जणांचं हा प्रश्न वेगापुरता तरी पंगतीइतकाच महत्त्वाचा. हॉलमधला नियम असा की टेबलावरच्या सगळ्यांच्या प्लेटा रिकाम्या झाल्याशिवाय पुढचा कोर्स येत नाही. म्हणजे आठ जणांच्या टेबलाचा वेग त्यातला सर्वांत सावकाश जेवणारा माणूस ठरवतो. अनोळखी माणसांशी गप्पा हव्या असतील तर मोठं टेबल मजेचं, पण त्यात दीड-दोन तास जाणार हे धरून चाला. दोघांना भरभर जेवून उठायचं असेल तर दोघांचंच टेबल मागा, तेही बुकिंगच्याच वेळी, कारण अशी टेबलं थोडी असतात आणि लवकर संपतात. बऱ्याच बोटींवर ‘दोघांचं टेबल’ म्हणजे शेजारच्या टेबलापासून वीतभर अंतरावरचं टेबल, एवढं गृहीत धरा.

खाण्याचं पथ्य, अ‍ॅलर्जी, शाकाहार, ग्लुटेन नको, मीठ कमी, हे सगळं बुकिंग झाल्या झाल्या लेखी कळवायचं. कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेल्या, जेवणासाठी तर बऱ्याच आधी कळवावं लागतं, कारण ते बहुधा बाहेरून सीलबंद येतं. समुद्रात मधेच सामान भरता येत नाही, हे कारण पटण्यासारखं आहे. लेखी कळवलं म्हणून ते वेटरपर्यंत पोचलंच असं मात्र समजू नका. पहिल्या रात्री बसल्या बसल्या हेड वेटरला पुन्हा सांगा. तो बहुतेक रोज रात्री जेवण संपताना उद्याचा मेन्यू आणून देईल आणि तुमच्या पदार्थांवर आधीच खूण करून घेईल. ही सोय असेल तर ती सोडू नका. वेगळी केलेली प्लेट ऐनवेळी मागितली की ती मोठ्या घाण्यातून बाहेर काढून स्वतंत्र करावी लागते आणि अख्खं टेबल तिच्यासाठी थांबतं. आदल्या रात्री सांगितलेली प्लेट इतरांबरोबरच येते.

एवढी वाट का पाहावी लागते हे एकदा समजलं की चिडचिड निम्मी होते. एका वेटरच्या आणि त्याच्या असिस्टंटच्या वाट्याला बरीच टेबलं असतात. ऑर्डर घेतल्यावर एक जण स्वयंपाकघराच्या खिडकीशी रांगेत उभा राहतो, झाकणं घातलेल्या प्लेटा एकावर एक रचून मोठा ट्रे खांद्यावर घेतो आणि तो आपल्या स्टेशनवर आणून ठेवतो. एका फेरीत दोन-तीन टेबलांचं जेवण येतं. तुमची ऑर्डर पाच मिनिटं उशिरा गेली तर ती पुढच्या फेरीत जाते, मग पाचाची वीस मिनिटं कधी होतात कळत नाही. म्हणून वेळेवर पोचा. ठरलेल्या पंगतीला पंधरा मिनिटं उशिरा येऊन ‘आज फार स्लो आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

आता पहिल्या रात्रीचं बोलणं. सगळ्या तयारीत मी याला सर्वांत वरचं स्थान देईन आणि नेमकं हेच लोक संकोचापायी टाळतात. वेटर नाव सांगून मेन्यू हातात देतो तेव्हाच सरळ सांगायचं: ‘आम्हाला सव्वाआठला निघायचंय, गोडाची ऑर्डर आत्ताच घ्या.’ किंवा ‘आम्हाला घाई नाही, एक प्लेट उचलल्यावर थोडं थांबून दुसरी आणा.’ मुलं असतील तर त्यांचं मुख्य जेवण मोठ्यांच्या स्टार्टरबरोबर आणायला सांगा. मोठी माणसं मुख्य पदार्थावर येईपर्यंत मुलं जेवून मोकळी होतात. काही बोटींवर तिथून त्यांना थेट किड्स क्लबमध्ये नेण्याचीही सोय असते, ती विचारून घ्या. सूप नको असेल तर नको म्हणा, पण मग शेजारचा सूप पीत असताना आपल्यापुढे काही नसणार याची तयारी ठेवा. पूर्ण शिजवलेलं स्टेक किंवा सूफ्ले मागवणार असाल तर त्यांना वेळ लागतो हे घरच्यांनाही सांगून ठेवा. आणि पहिल्या रात्रीवरून एकूण वाढपाचा निकाल लावू नका. त्या दिवशी वेटरला टेबलं नवी असतात, पाहुण्यांना मेन्यू नवा असतो, निम्मे लोक जागा शोधत फिरत असतात. दुसऱ्या रात्रीही तसंच चाललं तर हेड वेटरला बाजूला घेऊन सांगा. शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिलेल्या तक्रारीने तुमचं एकही जेवण सुधारत नाही.

जास्तीचे पैसे भरून जेवायची स्पेशालिटी रेस्टॉरंटं निघण्याआधीच अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर राखून ठेवा. बोटीवर चढेपर्यंत चांगल्या वेळा गेलेल्या असतात, दरही बहुधा चढलेले असतात. तिथलं वाढप मुद्दाम संथ असतं, तेव्हा ज्या रात्री शो बघायचाय त्या रात्री तिथलं बुकिंग नको. आणि त्या दिवशी येणार नाही हे आपल्या नेहमीच्या वेटरला आदल्या रात्रीच सांगा, नाहीतर तुमच्या टेबलावरची बाकीची मंडळी तुमची वाट बघत बसतील.

बंदराच्या दिवशी लोक उन्हातून दमून येतात आणि पहिली पंगत विस्कळीत होते. अशा दिवशी बुफे गाठला तर कोणाचं काही बिघडत नाही. घड्याळ मात्र बोटीच्या वेळेवर ठेवा. फोन बंदरावरची स्थानिक वेळ पकडतो आणि दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. फॉर्मल नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, गर्दी, फोटो आणि लांबलेलं जेवण, तिन्ही गृहीत धरा. कपड्यांचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात, ते बॅग भरण्याआधी वाचा. नटायचं नसेल तर त्या रात्री बहुतेक बोटींवर बुफे उघडा असतो. सकाळी सहल असेल तर आदल्या रात्री केबिनमध्ये नाश्ता मागवायचं कार्ड दाराला अडकवून ठेवा. डायनिंग रूममधला नाश्ता निवांत सकाळीच चांगला लागतो.

बुफेबद्दल दोनच गोष्टी. चढल्या दिवशी दुपारी सगळे तिथेच धावतात, त्यामुळे दारातल्या पहिल्या काउंटरला न थांबता टोकापर्यंत चालत जा. तेच पदार्थ पलीकडच्या बाजूलाही असतात. आणि हात साबणाने धुवा. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या बोटींची स्वच्छतेची तपासणी तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था करते आणि शंभरपैकी मिळालेले गुण जाहीर करते. 86च्या खाली गेलेली बोट नापास. बुकिंगआधी ते गुण पाहायला दोन मिनिटं पुरतात.

टिपेचं काय, हे निघण्याआधीच घरात ठरवून टाका. बऱ्याच कंपन्या माणशी रोजची रक्कम खात्यावर आपोआप लावतात आणि तीत डायनिंग रूमच्या माणसांचा वाटा असतो. ड्रिंक्सच्या आणि स्पेशालिटी रेस्टॉरंटच्या बिलावर ती पुष्कळदा वेगळी जोडलेली असते, तेव्हा सही करण्याआधी बिल वाचा. वेटरला वर काही द्यायचं असेल तर ते शेवटच्या जेवणाच्या वेळी हातात द्या. उतरण्याच्या सकाळी तो नाश्त्याला दुसऱ्याच टेबलांवर असतो आणि त्या गर्दीत सापडत नाही.