थेस्सालोनिकीला निघण्याआधी: धाकट्या मावसबहिणीसाठी तयारीची यादी

मावशी फोनवर म्हणाली, "हिची बॅग भरून झाली." मी विचारलं, काय काय भरलं? तर कॉटनचे ड्रेस, दोन सनस्क्रीन, चपला आणि पोहायचा पोशाख. म्हणून हे लिहायला बसले. समुद्रकाठचं गाव म्हटलं की आपल्याला मुंबई नाहीतर रत्नागिरी आठवते: घाम, चिकचिक आणि बारा महिने फिरणारा पंखा. थेस्सालोनिकी उत्तर ग्रीसमध्ये आहे. तुझं सत्र ऑक्टोबरच्या आसपास सुरू होणार आणि जूनमध्ये परीक्षेने संपणार. म्हणजे फोटोतला ग्रीक उन्हाळा तुला दिसणार तो पुस्तकात मान घालून. बॅग पुन्हा उघड.

पण बॅगेच्या आधी कागद. पदवी आणि मार्कशीटवर ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, लागतं आणि त्याआधी राज्य सरकारच्या साक्षांकनाची पायरी असते, तेव्हा सांगलीहून मुंबईच्या एक-दोन चकरा धरूनच चाल. व्हिसा 'डी' प्रकारचा, नव्वद दिवसांहून जास्त राहण्यासाठीचा; फिरायला जाणाऱ्यांचा शेंगेन व्हिसा इथे उपयोगाचा नाही. तिथे पोचल्यावर निवासाच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो. आता नावाची गंमत बघ. ग्रीसमध्ये बहुतेक प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव वेगळं विचारतात, आणि पुष्कळदा आईचंही. वडिलांचं नाव मधे घालून लिहायची सवय आपल्याला जन्मापासून आहे, त्यामुळे तो रकाना बघून मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. अडलं ते आईच्या नावाशी. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. दोघी एकच बाई आहेत हे खिडकीपलीकडच्या माणसाला पटवताना माझी एक सकाळ गेली. तुझ्या सगळ्या कागदांवर मावशीचं नाव एकसारखं आहे का, ते आजच बघ. फरक असेल तर इथूनच प्रतिज्ञापत्र करून त्यावरही ॲपोस्टिल घे.

तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे करक्रमांक काढणं. त्याला सगळे 'अफीमी' म्हणतात. नाव ऐकून हसू नकोस. त्याच्याशिवाय बँकेत खातं नाही, भाडेकरार नाही आणि विजेचं बिलही तुझ्या नावावर होत नाही. मी उलट्या क्रमाने गेले, आधी बँक आणि मग करक्रमांक, आणि एकाच काउंटरवरून तीनदा परत आले. प्रत्येक कागदाच्या पाच-पाच झेरॉक्स, फोटो आणि सगळ्याचं स्कॅन फोनमध्ये, एवढं इथूनच करून ने. रक्तगटाचा दाखला वगैरे मावशी सांगेल ते नेलंस तरी हरकत नाही, तिला बरं वाटेल.

घर घेताना समुद्र दिसतो का हे विचारू नकोस, हीटिंग कसं आहे ते विचार. जुन्या इमारतींत सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच बॉयलर असतो आणि तो ठरलेल्या तासांनाच चालतो. तू रात्री एक वाजता अभ्यास करत कुडकुडलीस म्हणून कोणी तो लावणार नाही. स्वतंत्र हीटिंग असलेलं घर मिळालं तर थोडं भाडं जास्त गेलं तरी घे. भाड्याशिवाय 'किनोख्रिस्ता' नावाचा खर्च येतो. तो म्हणजे आपला सोसायटी मेंटेनन्स. तो हिवाळ्यात फुगतो, म्हणून मागच्या जानेवारीचं बिल दाखवायला सांग. घरमालकाने करार कर खात्याकडे ऑनलाइन नोंदवला पाहिजे. "राहू दे, तोंडी ठरवू" म्हणणाऱ्याला हसून नमस्कार कर आणि पुढचं घर बघ. अंघोळीच्या पाण्याचा 'थर्मोसीफोनास' आपल्या गीझरसारखाच असतो: आधी बटण लावायचं, पाणी तापलं की बंद करायचं. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. सांडपाण्याचे नळ अरुंद असतात, तुंबतात. आणि हो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाक. जास्त सांगत नाही.

कपड्यांचं बोलू. शहराच्या वायव्येकडून अक्सिओस नदीच्या खोऱ्यातून 'वार्दारिस' नावाचा वारा येतो. तो आला की समुद्रकाठचा तो लांबलचक रस्ता रिकामा होतो आणि छत्री उलटी होते. जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ जातो, कधी बर्फही पडतं, आणि वर समुद्राची ओल असतेच. जाड कोट तिथेच घे, इथल्या मॉलमधला तिथे पुरत नाही. आतून घालायचे थर्मल, लोकरीचे मोजे आणि वारा अडवणारं एक जाकीट मात्र ने. बूट चांगल्या पकडीचे हवेत. जुना वरचा भाग, आनो पोली, म्हणजे नुसता चढ आणि दगडी गल्ल्या. तिथल्या तटबंदीपाशी सूर्यास्ताला निम्मं विद्यापीठ बसलेलं असतं. हवा स्वच्छ असेल तर खाडीपलीकडे ऑलिम्पस पर्वत दिसतो, बर्फाची टोपी घातलेला. पोहायचा पोशाखही राहू दे, पण शहरासमोरच्या पाण्यात कोणी उतरत नाही. पोहायला बसने हाल्किदिकीला, शेजारच्या द्वीपकल्पावर, जायचं, आणि तेही मे उजाडल्यावर.

आता स्वयंपाकघर, म्हणजे मावशीचा प्रांत. पहिली गोष्ट ही की तूप, पेढे, खव्याचं काहीही न्यायचं नाही. युरोपीय संघाबाहेरून सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. विमानतळावर डबा उघडायला लावतात तेव्हा फार वाईट वाटतं. गोडा मसाला, हिंग, आमसूल, मेतकूट, लसणाची चटणी खुशाल ने. हळद-जिऱ्याने बॅग भरू नकोस. कापानी बाजारात दोन्ही मिळतं. 1923 च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीत आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेल्या निर्वासितांनी या शहराच्या जेवणात मसाला आणला, त्यामुळे इथलं जेवण बाकी ग्रीसपेक्षा आपल्या जिभेला लवकर पटतं. मसूर मिळते, त्यांची बीन्सची रस्सेदार 'फासोलाडा' तर भातावर घेतली की घरचीच वाटते. कुकर लहान ने, तीन लिटरचा, सोबत जास्तीची रिंग आणि शिट्टी. तवा सपाट बुडाचा, कारण शेगड्या बहुधा विजेच्या असतात. व्होल्टेज आपल्याइतकंच आहे, पण पिना गोल दोनच, म्हणून दोन ॲडॅप्टर घे. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय मुळीच नेऊ नकोस, तिथे ते नियंत्रित औषधांत मोडतं.

तू अंडंही खात नाहीस, म्हणून एक शब्द पाठ कर: 'निस्तीसिमो'. म्हणजे उपवासाचं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात आणि दुकानांच्या काचेवर ही पाटी लागते. मला वाटलं, झालं, चाळीस दिवस आपली चंगळ. पहिल्याच दिवशी ताटात ऑक्टोपस आला. त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूल, ऑक्टोपस चालतात, कारण त्यांत रक्त नाही असा हिशेब आहे. आपल्याकडे साबुदाणा चालतो आणि तांदूळ चालत नाही, तेव्हा आपण बोलायचं कारण नाही. पण विचारून घे.

सकाळी मात्र काही विचारायची गरज नाही. बुगात्साचं दुकान गाठ. पारदर्शक होईस्तोवर ताणलेल्या पिठाच्या घड्या, आत रव्याचं गोड क्रीम नाहीतर चीज. दुकानदार गरम परातीतून तुकडा काढतो आणि रुंद पात्याने टक-टक-टक असा कापत जातो, की काउंटरवर पापुद्रे उडतात. मग वरून पिठीसाखर आणि दालचिनी. कागदात गुंडाळून चालत खायचा प्रयत्न मी एकदा केला आणि दिवसभर काळ्या कोटावर साखर घेऊन वावरले. घाई असेल तर रस्त्यावरच्या गाडीवरचं तिळाचं कडं, कुलूरी, घे.

कॉफी मागायची तालीम इथेच करून ठेव: 'स्केतो' बिनसाखरेची, 'मेत्रिओ' मध्यम, 'ग्लिको' गोड. फेसाची थंड फ्रापे 1957 साली याच शहरातल्या आंतरराष्ट्रीय जत्रेत जन्मली. आता पोरं फ्रेडो, म्हणजे थंड एस्प्रेसो, पितात. एका कॉफीवर तीन तास बसलीस तरी कोणी बिल आणून आदळत नाही, पाण्याचा ग्लास आपसूक येतो. पहिले आठ दिवस मी अर्ध्या तासात उठायचे आणि मैत्रिणी विचारायच्या, कुठे आग लागलीय?

भाषा. तुझे तास इंग्रजीत असले तरी भाजीवाली ग्रीकच बोलणार. जाण्याआधी निदान अक्षरं वाचायला शीक, बसच्या पाट्यांचं निम्मं कोडं सुटतं. पुढे विद्यापीठाचीच आधुनिक ग्रीक शिकवणारी शाळा आहे. हो म्हणजे 'ने'. नाही म्हणजे 'ओही'. मी पिशवी हवी का या प्रश्नावर मान हलवत 'न-नं' करत राहिले आणि बाई पिशव्या देत राहिली. मान वर करून जिभेने 'च्च' केलं की नकार, हे मात्र आपल्यासारखंच. आणि एक सुख आहे: ते एकमेकांना 'रे' म्हणतात. 'एला रे!' म्हणजे ये रे, अगं पण मुलींनासुद्धा रेच. पहिल्यांदा मागून कोणीतरी अशी हाक मारली तेव्हा मी सांगलीच्या बसस्टँडवर असल्यासारखी वळले.

वेळांचं वेळापत्रक पुण्याच्या माणसाला शिकवावं लागणार नाही: दुपारी साधारण तीन ते साडेपाच आवाज करायचा नाही. वॉशिंग मशीन, कुकरच्या शिट्ट्या, फोनवर मावशी, सगळं त्यानंतर. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून दूध शनिवारीच आण. भाजी 'लाइकी'त घे. तो आठवडी बाजार आहे, प्रत्येक भागाचा वार ठरलेला, उठायच्या वेळी भाव उतरतात. अडीनडीला कोपऱ्यावरची 'पेरीप्तेरो' नावाची टपरी.

विद्यापीठाचं ओळखपत्र, 'पासो', मिळालं की ते पासपोर्टसारखं जप. प्रवासात, संग्रहालयांत सवलत त्यावर आहे. 2006 मध्ये काम सुरू झालेली मेट्रो अखेर 30 नोव्हेंबर 2024 ला धावली, चालकाविना. खोदताना प्राचीन शहराचा रस्ताच सापडला. वेनिझेलू स्टेशनात तो बघायला मिळतो. तुझ्या विद्यापीठाचं स्टेशनच आहे, पण कामारा या जुन्या रोमन कमानीपासून चालत पाच-दहा मिनिटांचं अंतर आहे, चाल. परीक्षेत दहापैकी पाच म्हणजे पास. तिथे साडेआठ मिळाले तर रडत फोन करू नकोस.

संप धरून चाल. बस, रेल्वे, कधी प्राध्यापक, कधी विद्यार्थ्यांनीच इमारत ताब्यात घेतलेली. 17 नोव्हेंबरला 1973 च्या अथेन्समधल्या विद्यार्थी उठावाची आठवण म्हणून मोर्चा निघतो; बघायला जा, पण पोलिसांच्या ढालींपाशी उभी राहू नकोस. 28 फेब्रुवारीचं गांभीर्य वेगळं आहे. 2023 मध्ये त्या रात्री तेंपी इथे दोन रेल्वेगाड्या धडकून 57 जण गेले. सुट्टी संपवून परतणारी कितीतरी मुलं त्यात होती, याच शहरात शिकणारी. त्या दिवशी वर्गात कोणी हसत नाही. कोणाला "तुझ्या ओळखीचं कोणी होतं का" असं विचारू नकोस, मी विचारलं होतं.

आणि ज्या आवारात तू रोज जाशील त्याच्याबद्दल एवढं माहीत असू दे: 1925 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा मोठा भाग शहराच्या जुन्या ज्यू दफनभूमीवर उभा आहे. जर्मनांच्या ताब्यात असताना 1942 मध्ये ती उखडली, पुढच्या वर्षी इथले बहुतेक सगळे ज्यू आउशवित्झला पाठवले गेले. 2014 पासून आवारात स्मारक आहे. हिरवळीवर डबा उघडण्याआधी एकदा तिथे जाऊन ये.

शेवटचं, फोन. तू पोचशील तेव्हा आपण अडीच तास पुढे असू. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि फरक साडेतीन तासांचा होतो. तिथे रात्री जेवायला बसतातच नऊनंतर. जेवून तू फोन लावशील तेव्हा सांगलीत दीड वाजलेला असेल. मावशी जागी राहील आणि दुसऱ्या दिवशी मला बोलेल. तेव्हा फोन दुपारी, लेक्चर सुटल्यावर. पण तीनच्या आत, नाहीतर खालच्या मजल्यावरची आजी झाडूचा दांडा छताला लावते.