लोकरीचा गालिचा आणि केमिकलचा कॅन: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कार्पेट क्लीनिंगच्या कामाला लागलेली मुलं पहिला प्रश्न मशीनचा विचारतात. सक्शन किती, ब्रश कुठला, सेकंडहँड घेतलं तर चालेल का. मशीन चालवायला आठवड्यात जमतं. लोकरीच्या गालिच्याची वाट लागते ती बहुतेक वेळा बादलीत काय ओतलं त्यामुळे. हॉटेलच्या हाउसकीपिंगमधून मी या धंद्यात आले, आता पुण्यात घरं आणि ऑफिसं करते. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी आधी कॅन वाचायला बसवते, मशीनला हात नंतर.

पण त्याच्याही आधी गालिचा खरंच लोकरीचा आहे का ते बघायचं. मालकाच्या शब्दावर जाऊ नका, त्यांनाही दुकानदारानेच सांगितलेलं असतं. मागच्या बाजूने किंवा कडेचे दोन-चार तंतू चिमट्यात धरून गॅलरीत पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. कागदासारखं भुरकन जळलं तर व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेला, रेशमासारखा दिसणारा धागा) किंवा सुती. बऱ्याच घरांत ‘सिल्क’ म्हणून मिरवणारा गालिचा व्हिस्कोजचाच निघतो. पाणी लागलं की तो पिवळा पडतो आणि पाईल, म्हणजे वरचे उभे धागे, बसते ती बसतेच. सुरुवातीची एक-दोन वर्षं असं काम सरळ नाही म्हणा. हॉटेलच्या कार्पेटमध्ये बऱ्याचदा 80 टक्के लोकर आणि 20 टक्के नायलॉन असतं. तिथे लोकरीचेच नियम लावायचे.

लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांत असतं तेच प्रथिन. त्याला सौम्य आम्ल मानवतं, अल्कली मानवत नाही. हे मोजायचं माप म्हणजे पीएच: 7 मधोमध, त्याखाली आम्ल, वर अल्कली. पीएच 5 च्या आसपास लोकर सगळ्यात सुखात असते. वर 8.5 ही मर्यादा धरून चला. कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी साधारण 10 च्या घरात जातं, धुण्याच्या सोड्याचं 11 च्या. आकडे जवळजवळ दिसतात म्हणून फसू नका, पीएचमध्ये एक अंक म्हणजे दहापट. अशा पाण्याने पहिल्या धुण्यात गालिचा छान निघाल्यासारखा वाटतो, कारण तेलकट मळ अल्कलीने झटकन सुटतो. मग तो वाळतो. हात फिरवला की खरखरीत लागतो, पांढरा भाग पिवळट दिसतो. रंगाचं दुखणं वेगळंच. लोकर बहुतेक वेळा आम्ल रंगांनी रंगवतात. ते आम्लात धरतात आणि अल्कलीत सुटतात. लाल बॉर्डरचा रंग शेजारच्या क्रीम फुलात उतरला, की तो काढणं तुमच्या-माझ्या हातात राहत नाही. म्हणून प्रत्येक रंगावर, कोपऱ्यात, तयार केलेलं पाणी टाकून पांढरा टॉवेल मिनिटभर दाबायचा. टॉवेलला रंग लागला तर ओलं काम बंद.

आता कॅन. ‘कार्पेट शाम्पू’, ‘माइल्ड’, ‘इको’, ‘हर्बल’ या शब्दांवरून काहीही कळत नाही. सप्लायरकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाची रासायनिक माहिती आणि धोके सांगणारा कंपनीचा कागद, मागा आणि तिचा नववा विभाग उघडा, पीएच तिथे लिहिलेला असतो. तो कॅनमधल्या घट्ट मालाचा आहे की पाण्यात मिसळल्यानंतरचा, हेही विचारा. तुम्ही गालिच्यावर मिसळलेलं पाणी टाकणार आहात, तेव्हा तोच आकडा तुमच्या कामाचा. ब्रिटनमध्ये 1991 साली सुरू झालेली वूलसेफ नावाची संस्था क्लीनर तपासून शिक्का देते. तो शिक्का असलेला माल मिळाला तर डोळे झाकून घ्या, पण आपल्याकडच्या गल्लीतल्या दुकानात तो मिळेल या आशेवर राहू नका.

शीट मिळत नसेल तर हळद आहेच. चमचाभर हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवा, वरचं पिवळं पाणी टिपकागदावर किंवा साध्या फिल्टर पेपरवर ओढा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापून डबीत ठेवा. हळदीतलं कर्क्युमिन साधारण 7.4 पासून रंग बदलायला लागतं आणि 8.6 पर्यंत पुरतं तांबडं होतं. म्हणजे लोकरीची लक्ष्मणरेषा जिथे, नेमकी तिथेच आपल्या स्वयंपाकघरातली हळद लाल होते! हळदीत चुना घालून कुंकू करायचे ते याच जोरावर.

मध्यंतरी एक डीलर ‘एकदम न्यूट्रल’ शाम्पूचा पाच लिटरचा कॅन घेऊन आला. “मॅडम, हात घालून बघा, काही होत नाही.” त्याने सांगितलेल्या मापाने पाण्यात मिसळून एक थेंब पट्टीवर टाकला. विटेसारखा लाल. तो म्हणाला, “हळदीचं काय, ती कशानेही लाल होते.” मग त्याच्यासमोरच शेजारी एक थेंब नळाच्या पाण्याचा टाकला आणि एक व्हिनेगरचा. दोन्ही पिवळे राहिले. कॅन त्याच्या स्कूटरवरून परत गेला.

या पट्टीची मर्यादाही सांगते. ती फक्त अल्कली पकडते. टॉयलेट क्लीनर हे जबरी आम्ल आहे, तरी पट्टी पिवळीच राहील. ब्लीचने तर हळदीचाच रंग उडेल. म्हणून लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून पीएच पेपरचं पुस्तकही घेऊन ठेवा, फार महाग नसतं.

काही गोष्टी लोकरीजवळ न्यायच्याच नाहीत. पहिलं क्लोरीन ब्लीच. नव्या मुलांना मी तोंडी सांगत बसत नाही. काचेच्या बाटलीत घरगुती ब्लीच घेते, त्यात लोकरीचा धागा टाकते आणि बाटली खिडकीत ठेवते. आधी धागा पिवळा पडतो, मग बुळबुळीत होतो, मग दिसेनासा होतो. सकाळी बाटलीत नुसतं पाणी. शिवाय ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो गालिच्याच्या आधी तुमच्या छातीत जातो. दुसरं, ‘ऑक्सी’ नावाच्या पावडरी, त्या पाण्यात कडक अल्कली होतात. तिसरं, कुत्र्या-मांजरांच्या मुताच्या वासासाठी येणारी एन्झाइमची औषधं. त्यात प्रोटिएज असेल तर ते प्रथिन खातं, आणि लोकर प्रथिनच आहे. चौथं, ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरं जास्त उजळ दिसावं म्हणूनचं रसायन, घातलेले शाम्पू. खिडकीजवळच्या उन्हात ते पुढे पिवळे पडतात आणि बोल आपल्याला लागतो. रिठ्याबद्दल नेहमी विचारतात. लोकरीला तो चालतो, पण पांढऱ्या लोकरीवर पिवळसर झाक सोडतो. गडद गालिच्याला हरकत नाही.

एक प्रश्न हुशार मुलं हमखास विचारतात: उत्तर प्रदेशात भदोहीला, जिथे गालिचे विणतात, नवे गालिचे कॉस्टिक सोडा (कडक अल्कली) आणि ब्लीचने धुतात, मग आपण का नाही? खरं आहे, चकाकी यावी म्हणून तशी धुलाई करतात. पण तिथे माप ठरलेलं असतं, वेळ ठरलेला असतो, नंतर आम्ल देऊन अल्कलीचा जोर मारतात आणि उघड्या ओट्यावर वाहत्या पाण्याने गालिचा निथळून काढतात. त्यातही लोकरीचा वरचा थर थोडा जातोच, चकाकी त्यातूनच येते. तेच तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, दोन बादल्या पाण्यात करायला जाल तर फसाल.

आपल्याकडे सगळ्यात जास्त येतो तो हळदीचा डाग. बाईसाहेबांनी आधीच साबण चोळलेला असतो आणि डाग लाल झालेला असतो. घाबरू नका. एक वाटी पांढऱ्या व्हिनेगरला चार वाट्या पाणी, कपड्याने टिपत राहा, तो परत पिवळा होईल. मग कोपऱ्यात तपासून घेऊन स्पिरिटने थोडा थोडा उचला. मात्र टफ्टेड गालिच्यात (धागे विणलेले नसून कापडात खोचलेले असतात तो) मागे लॅटेक्सचा रबरी गोंद असतो, तिथे स्पिरिट ओतायचं नाही, कपड्यालाच लावायचं. उरलेली पिवळी झाक उन्हात उडते, बाकीचा गालिचा तेवढा चादरीने झाका. चहाचा डागही याच व्हिनेगरच्या पाण्याला बराचसा दाद देतो.

साबण निघून गेला का हेही बघावं लागतं. शाम्पूचं पाणी बशीत वाळू द्या. तळाशी कोरडा पापुद्रा राहिला तर ठीक, चिकट थर राहिला तर तो गालिच्यातही राहणार आणि महिन्याभरात धूळ ओढणार. शेवटच्या पाण्यात मी चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालते, लोकर पुन्हा आम्लाच्या बाजूला येते. खालचा सुती ताणा (विणीतले उभे दोरे) किंवा ज्यूट हळूहळू वाळला की वर तपकिरी डाग उमटतात, तेही त्याने आटोक्यात राहतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पिऊनही हाताला ओली लागत नाही. म्हणून वरून कोरडा वाटला तरी पंखा बंद करू नका, मागे हात लावून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये हाताने विणलेला गालिचा धुवायला मी घेतच नाही. व्हॅक्यूम आणि डाग काढणं एवढंच, बाकी दसऱ्यानंतर. मुंबईला काम करणाऱ्यांनी तर हे जास्तच पाळावं.

काम घेताना आधीचे डाग, फिकटलेले भाग आणि झालरीची अवस्था यांचे फोटो काढून मालकाला तिथेच व्हॉट्सॲप करा. कधी मालकच कपाटातून बाटली काढतात आणि “आमचं हे परदेशातून आणलंय, हेच वापरा” म्हणतात. वाद घालू नका. पट्टी काढा, त्यांच्यासमोर थेंब टाका. पिवळी राहिली तर बाटलीवरचे घटक वाचा, ब्लीच किंवा एन्झाइम नसेल तर कोपऱ्यात तपासून वापरा. लाल झाली तर सांगा, “काका, हे फरशीला उत्तम आहे.”