पुण्याच्या पेठांतली खाद्य-सायकलफेरी: आठ जणांना कसं न्यायचं

रविवारी सकाळी सोसायटीतल्या मंडळींना सायकलवरून खायला घेऊन जायचं, हे काम माझ्याकडे असतं आणि मला ते मनापासून आवडतं. ज्यांना आपली अशी फेरी काढायची आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहिते.

माणसं आठच घ्या. नारायण पेठेतल्या हॉटेलांत टेबलं मोजकी असतात. पंधरा जण एकदम शिरले तर रोजचा गिऱ्हाईक बाहेर ताटकळतो, आणि त्याच्याच जिवावर ते हॉटेल इतकी वर्षं चाललेलं असतं. आठ जण दोन टेबलांवर बसतात, खातात, उठतात. आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी फोन करून रविवारची वेळ विचारा आणि आठ जण येणार आहोत हेही सांगून ठेवा.

आधी भूक लागायला हवी. डेक्कनवरून पेठांतून फिरून येईपर्यंत पाच किलोमीटरही होत नाहीत, तेवढ्याने मिसळ पचत नाही. म्हणून सकाळी सहाला निघून लॉ कॉलेज रस्त्याने सेनापती बापट रस्त्यावर चढा, चतुःशृंगीला देवीला हात जोडा, तिथूनच परत फिरा. सिंबायोसिसपाशीचा चढ नवख्यांना दमवतो. त्यांनी बिनधास्त उतरून चालावं, बाकीच्यांनी वर थांबावं. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला माणूस आणि सर्वांत मागे पंक्चर काढता येणारा. मधल्यांनी एकामागे एक, पीएमपीच्या बसला डावीकडून कधीही न गाठता.

पहिला थांबा गुडलक. १९३५ पासूनचं हे इराणी हॉटेल सकाळी लवकर जागं असतं. इथे दोघांत एक बन मस्का आणि प्रत्येकाला चहा, बस्स. ऑम्लेटचा वास येईल, खिमा खुणावेल, पण त्यासाठी दुसऱ्या दिवशी या. ‘दोघांत एक’ हा नियम पहिल्याच टेबलावर पाळला गेला तर पुढची फेरी निभावते. ‘वैशाली’ हॉटेलात मी या फेरीत नेत नाही. तिथला सांबार मला फार प्रिय आहे, पण रविवारी नाव लिहून वाट बघण्यात आपली सकाळ जाते.

नदी ओलांडायला झेड ब्रिज घ्या. भिडे पूल पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की बुडतो.

मग मुंजाबाच्या बोळातलं बेडेकर. फेरीचा जीव इथे आहे, वेळही इथेच जास्त ठेवा. सायकली बोळात आडव्या लावू नका. एकमेकींना टेकवून, एकाच साखळीत, कुणाचं दार न अडवता लावा. बेडेकरांची मिसळ पुणेरी आहे, रश्शाला गोडसर अंग, आणि सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड. कोल्हापूरच्या तांबड्या कटाची सवय असलेला पाहुणा पहिल्या घासाला गोंधळतो, त्याला आधीच सांगून ठेवा. खालची पोहे-बटाट्याची भाजी आणि वरची शेव एकदम कालवू नका. कडेने रस्सा घेत, शेव कुरकुरीत असतानाच खात जा. इथेही दोघांत एक. सॅम्पल, म्हणजे वरचा रस्सा, मात्र मागून घ्या. पैसे एकानेच द्यावेत आणि हिशोब नंतर करावा. गल्ल्यापाशी आठ जणांनी आठ वेळा मोबाइल काढले की मागची रांग खोळंबते.

मिसळीनंतर लगेच पॅडल मारू नका. जवळच्या एखाद्या अमृततुल्यापर्यंत सायकली हातात धरून चाला. आलं-वेलदोडा कुटून, दूध, साखर आणि चहापत्ती एकत्र उकळून, फडक्यातून गाळलेला तो चहा तिखटावर उत्तम. पुण्यातली जुनी अमृततुल्यं राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी घातलेली आहेत. गर्दी नसेल तर मालकांशी दोन शब्द बोला, पेठेच्या गोष्टी निघतात.

आता सदाशिव पेठ. इथे एकेरी रस्त्यांचं भान हवं. लक्ष्मी रस्ता अलका चौकाकडे वाहतो, बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडे. सायकल आहे म्हणून उलट दिशेने घुसायचं नाही. आतल्या गल्ल्या घ्या, नाहीतर उतरून फुटपाथवरून चाला. निंबाळकर तालमीपाशी सुजाता मस्तानी आहे. दाट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, तिघांत एक पुरते. एप्रिल-मे असेल तर आंब्याचीच. अकराच्या आधी पोचू नका आणि उन्हाळ्यात अकराच्या नंतर रेंगाळू नका, डांबर तापतं.

घरच्यांसाठी बाकरवडी घ्यायची तर बाजीराव रस्त्यावर चितळ्यांकडे दोघांनाच पाठवा, बाकीच्यांनी सायकली सांभाळाव्यात. पुडे हँडलला लटकवू नका, वळताना पिशवी चाकात जाते. कापडी पिशवीत घालून कॅरियरला रबराने घट्ट बांधा आणि वर काहीही ठेवू नका, नाहीतर घरी चुरा पोचतो.