स्पेनच्या जुन्या टपाल तिकिटांवरचे शिक्के: या चुका टाळा

स्पॅनिशमध्ये तिकिटावरच्या शिक्क्याला 'मातासेयोस' म्हणतात, म्हणजे तिकिटं मारणारा. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये, एवढंच त्याचं काम. गाव आणि तारीख सांगायला वेगळा शिक्का असे, 'फेचादोर'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या पत्रांवर हे दोन्ही शिक्के बहुधा वेगवेगळ्या जागी उमटलेले दिसतात. हे ठाऊक नसल्यामुळेच पुढच्या बऱ्याच चुका होतात.

सर्वांत महाग चूक म्हणजे जुन्या पत्रावरून तिकीट सोडवणं. ती माझ्या हातून झाली आहे. 1855 सालचं, निळसर कागदावर छापलेलं लाल 4 कुआर्तोंचं (कुआर्तो म्हणजे जुनं स्पॅनिश नाणं) तिकीट एका घडीपत्रावर, म्हणजे पाकिटाविना नुसती घडी घालून पाठवलेल्या पत्रावर होतं. मी ते कापून पाण्यात टाकलं, स्वच्छ करून अल्बममध्ये लावलं आणि उरलेला कागद फेकून दिला. तिकिटावर राहिली ती मातासेयोसच्या रेषांची नुसती जाळी. फेकलेल्या कागदावर फेचादोरचा गोल शिक्का होता, त्यात गाव होतं, तारीख होती. आता ते तिकीट स्पेनमधल्या कुठल्या टपाल कचेरीतून निघालं, हे कुणीच सांगू शकत नाही. पत्र हाती आलं तर ते अख्खं ठेवा, कडासुद्धा छाटू नका.

सुटी तिकिटंच असतील तर आधी शिक्क्याचा आकार ओळखा. स्पेनचं पहिलं तिकीट 1 जानेवारी 1850 रोजी आलं, राणी इसाबेल दुसरीचं चित्र असलेलं 6 कुआर्तोंचं काळं तिकीट. त्यावर 'आरान्या' म्हणजे कोळी हा शिक्का मारत. कोळ्याच्या पायांसारख्या वाकड्या रेषा, पण गावोगावी त्यात फरक पडतो. काळ्या तिकिटावर काळ्या शाईचा शिक्का समोरून पाहिला तर दिसतच नाही, आणि नवखा माणूस 'शिक्का नाही' म्हणून मोकळा होतो. तिकीट चिमट्यात धरा, टेबललॅम्पच्या उजेडात तिरपं करा आणि भिंगातून पाहा. छपाईची शाई आणि शिक्क्याची शाई वेगवेगळी चमकते, त्यामुळे पाय हळूहळू वर येतात. 1852 पासून 'पार्रीया' आली, म्हणजे समांतर रेषांची जाळी. तीही मुकी, गाव सांगत नाही. 1858 मध्ये 'रुएदा दे कार्रेता' आलं, बैलगाडीचं चाक. मधे आकडा आणि भोवती आरे. हा आकडा टपाल कचेरीचा: 1 माद्रिद, 2 बार्सिलोना. त्याला तारीख किंवा किंमत समजू नका.

आकार कळला की साल जुळतं का ते तपासा. 1850 ते 1853 या तिकिटांवर सालच छापलेलं आहे, कारण नकली तिकिटांना आळा घालायला स्पेन दरवर्षी चित्र बदलत असे. मग 1851 छापलेल्या तिकिटावर बैलगाडीचं चाक दिसलं तर विकत घेण्याआधी थांबा. ते चाक सात वर्षांनंतरचं आहे.

काही खुणा शिक्क्यासारख्या दिसतात, पण त्यांचा टपालाशी संबंध नसतो. तिकिटावर आडव्या समांतर जाड पट्ट्या असतील तर तो बहुधा रद्द करून विकलेला उरलेला साठा असतो, पत्रावर न गेलेला. गोल भोक पाडलेलं असेल तर ते तार, म्हणजे टेलिग्राम, पाठवण्यासाठी वापरलेलं. 1868 च्या क्रांतीनंतर 'आबिलितादो पोर ला नासिओन' (राष्ट्राने वैध ठरवलेलं) अशी अक्षरं तिकिटांवर उमटवली, तो अधिछाप आहे, आणि त्याच्या नकला पुष्कळ. 'सेर्तिफिकादो' हे गावाचं नाव नव्हे, त्याचा अर्थ नोंदणीकृत टपाल. 'आम्बुलान्ते' म्हणजे रेल्वेच्या टपाल डब्यातला शिक्का.

गोव्यातल्या जुन्या घरांतल्या पेट्यांमध्ये पोर्तुगीज तिकिटं सापडतात, ती स्पॅनिश म्हणून विकली जातात. 'टपाल' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दात (CORREIO) शेवटच्या ओच्या आधी आय हे अक्षर असतं, स्पॅनिशमध्ये (CORREO) नसतं. महिन्यांवरूनही ओळख पटते. ई-एन-ई म्हणजे स्पॅनिश 'एनेरो', जानेवारी. जे-ए-एन असेल तर पोर्तुगीज. डिसेंबरसाठी स्पॅनिश शिक्क्यात डी-आय-सी, पोर्तुगीजमध्ये डी-ई-झेड. आणि इसाबेलचं तेच 1855 चं चित्र असून किंमत 'रेआल प्लाता'मध्ये, म्हणजे चांदीच्या रेआल नाण्यांत असेल, तर ते तिकीट क्यूबा-पोर्तो रिकोचं. त्यावर माद्रिदचा शिक्का शोधत बसू नका.

शिक्का अस्सल म्हणून तिकीट अस्सल असं धरू नका. टपालखात्याला फसवण्यासाठी छापलेली नकली तिकिटं खऱ्या टपालातून गेली, त्यांच्यावर खरेच शिक्के आहेत. संग्राहक आज तीही जपून ठेवतात, पण वेगळी नोंद करून. उलट फसवणूकही होते. या काळातली कोरी तिकिटं वापरलेल्यांपेक्षा बरीच महाग असतात, म्हणून शिक्क्याऐवजी मारलेल्या पेनाच्या रेघा धुऊन तिकीट कोरं करून विकतात. मागचा डिंक पाहून समाधान मानू नका, तो नव्याने लावता येतो. अतिनील दिव्याखाली तिकीट धरा. धुतलेल्या जागी कागद फिकट दिसतो, आणि कधी कधी रेघेची पुसट वाटही.