गोल्डफिशच्या टाकीतल्या झाडांना खत: किती आणि कोणतं

गोल्डफिशच्या टाकीत नायट्रोजन क्वचितच कमी पडतो. हे मासे खातात भरपूर आणि घाणही तितकीच करतात. त्यातून सुटणाऱ्या अमोनियाचं फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. फॉस्फेट खाद्यातून येतच असतं. उणीव पडते ती पोटॅशियमची आणि लोहाची. त्यामुळे ‘सगळं एकातच’ असलेलं खत इथे बहुतेक वेळा शेवाळालाच पोसतं. नायट्रोजन आणि फॉस्फेट नसलेलं खत शोधा.

आधी मोजणी. नायट्रेट पाणी बदलण्यापूर्वी तपासा. थेंबांच्या बऱ्याच किटमध्ये एका बाटलीतलं रसायन तळाशी बसतं. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही, तर आकडा खोटाच कमी दिसतो. १० ते ३० पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) झाडांना पुरेसं आहे, ४० च्या वर गेलं की पाणी बदला. काही किट ‘नायट्रेट-नायट्रोजन’, म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन दाखवतात, त्या आकड्याला ४.४ ने गुणा. नळाचं पाणीही एकदा तपासून ठेवा, कारण त्यातच २० असेल तर नुसतं पाणी बदलून पातळी त्याखाली येणार नाही.

पोटॅशियमसाठी पोटॅशियम सल्फेट सोपं पडतं. १०० लिटरमध्ये १ ग्रॅम घातलं की पोटॅशियम सुमारे ४.५ पीपीएमने वाढतं. लिटर मोजताना खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा करा. दर आठवड्याला निम्मं पाणी बदलून मग १ ग्रॅम घालत गेलात, तर झाडांनी काहीच घेतलं नाही असं धरलं तरी पातळी ९ च्या आसपास येऊन थांबते. पाणी न बदलता घालत राहिलात तर मात्र ती चढतच जाते. पावडर कपभर पाण्यात पूर्ण विरघळवून फिल्टरच्या धारेजवळ ओता.

लोह ०.१ पीपीएमच्या आसपास पुरे. गोल्डफिशचं पाणी सहसा जड आणि ७ च्या वर पीएचचं असतं. खतातलं लोह चिलेट नावाच्या रसायनाने धरून ठेवलेलं असतं. अशा पाण्यात ईडीटीए चिलेटमधलं लोह लवकर निसटतं आणि झाडाला मिळत नाही, म्हणून डीटीपीए चिलेट घ्या. आठवड्याचा डोस दोन-तीनदा विभागून द्या. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबंही असतं, तेव्हा अंदाजाने दुप्पट ओतू नका.

काय कमी पडलंय ते पानं सांगतात. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं आणि पिवळ्या कडा दिसल्या तर पोटॅशियम. नवी पानं फिकट पण शिरा हिरव्या, तर लोह. जुन्या पानांतच शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर मॅग्नेशियम. वेड्यावाकड्या तुटलेल्या कडांना मात्र खताचं औषध नाही, ते माशांचं काम! जावा फर्नच्या पानांखालचे रांगेतले काळे ठिपके बीजाणूंचे असतात, त्यांची काळजी नको.

अन्युबियास आणि जावा फर्न पाण्यातूनच खातात. त्यांचं आडवं खोड दगडाला बांधा. खडीत पुरलंत तर कुजतं. अॅमेझॉन स्वॉर्डला मुळाशी रूट टॅब, म्हणजे खडीत खोचायची खताची गोळी लागते. ती किमान ५ सेंटीमीटर खोल खोचा आणि झाडाभोवती माशाच्या तोंडात न मावणारे दगड रचा. मासे खडी उकरतात, आणि अमोनियमयुक्त टॅब वर आली तर पाण्यात एकदम अमोनिया सुटतो. त्यापेक्षा झाड कुंडीतच लावलेलं बरं. टॅब घातल्यावर दोन दिवस अमोनिया तपासा.

‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळणारं ग्लुटाराल्डिहाइड टाळा, व्हॅलिस्नेरियासारखी वनस्पती त्याने विरघळते. दिवा ६ ते ८ तासच ठेवा. थंड पाण्यात झाडं सावकाश वाढतात, त्यामुळे खताच्या लेबलवरच्या अर्ध्या डोसपासून सुरुवात करा आणि तीन आठवडे फक्त नवी पानं बघा. खराब झालेलं जुनं पान सुधारत नाही, ते कापून काढा, नाहीतर तेही कुजून अमोनियाच वाढवेल. माशांना मिठाचा उपचार करायचा असेल तर वेगळ्या टबात करा, कारण मीठ सोसणारी झाडं थोडी.