हाताखालच्या माणसांशी नरमाईने कसे वागावे

इस्लामने शिकवलेली नरमाई अंगी बाणवायची असेल, तर सुरुवात आपल्याला उलट बोलू न शकणाऱ्या माणसांपासून करावी: दुकानातला पोऱ्या, घरकामाची बाई, उधारी थकलेले गिऱ्हाईक. सोयऱ्याधायऱ्यांशी गोड बोलायला फारसे ईमान, म्हणजे श्रद्धा, लागत नाही.

कुणाच्या हातून चूक झाली, तर आधी नुकसान आवरावे आणि समजावणे मागून करावे. मदिनेच्या मशिदीत एक बदू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, लघवीला बसला तेव्हा लोक त्याच्यावर धावून गेले, परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला मध्येच अडवू दिले नाही, त्या जागी बादलीभर पाणी ओतायला लावले आणि त्याचे उरकल्यावर त्याला जवळ बोलावून मशीद कशासाठी असते ते सांगितले. नाशिकच्या दूध बाजारातल्या एखाद्या दुकानात पोऱ्याच्या हातून तेलाचा डबा उपडा झाला, तर हाच क्रम धरावा. आधी फरशीवर भुसा टाकून कोणी घसरणार नाही हे पाहावे, आणि गर्दी ओसरल्यावर त्याला बाजूला घेऊन डबा कुठे व कसा धरायचा ते हाताने दाखवावे. हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषितांची 10 वर्षे सेवा केली आणि त्या काळात त्यांना ‘उफ’ एवढा शब्दही ऐकावा लागला नाही.

रमजानात इफ्तारची, म्हणजे रोजा सोडतानाची, भजी तळणाऱ्या बाईचे ताट उरल्यासुरल्याचे नसावे, आपल्या ताटाबरोबरच वाढावे. ज्याने स्वयंपाकाची धग सोसली त्याला सोबत बसवा, निदान एक-दोन घास तरी द्या, असे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहात, स्पष्ट आहे.

उधारीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. कांद्याचे भाव पडले की नाशिकच्या खेड्यांतले नेहमीचे गिऱ्हाईक दुकानासमोरून मान खाली घालून जाऊ लागते. ऋणको अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला मुदत द्या, आणि सोडून दिलेत तर ते अधिक चांगले, असे कुरआन सांगतो (सूरह बकरा, आयत 280). म्हणून चारचौघांत तगादा लावू नये. त्याला एकट्याला गाठून, पैसे कधी जमतील हे त्यालाच विचारावे आणि तीच तारीख वहीत लिहावी. देण्याची ऐपतच उरली नसेल, तर रक्कम खोडून टाकावी आणि ती खोडल्याचा गाजावाजा करू नये. जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, मशिदीबाहेर हात पसरणाऱ्याला द्यायला काही नसेल, तर हळू शब्दांत नाही म्हणावे, खेकसू नये.

गल्ल्यातले पैसे कमी भरले तर हिशेब मागावाच, तिथे मुरवत नको. मात्र फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे पाठवतानाही मूसा आणि हारून या दोन प्रेषितांना मवाळपणे बोलण्याचा अल्लाहचा आदेश होता (सूरह ताहा, आयत 44), आणि आपला नोकर काही फिरऔन नव्हे. राग अनावर होत असेल तर उभे असल्यास बसावे, तरीही न शमल्यास आडवे व्हावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची सूचना अक्षरशः पाळावी. दुकानात आडवे होणे शक्य नसते, तेव्हा गादीवर बसून घ्यावे आणि हिशेबाचे बोलणे असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजनंतर काढावे.