लाल कोळी: आधी पान उलटून पाहा

भातकापणी आटोपल्यावर गोव्यातल्या शेतांत भेंडी, वांगी, मिरची आणि अळसांदे (चवळीचा प्रकार) उभे राहतात, आणि फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागले की एखाद्या वाफ्यातली पाने निस्तेज दिसू लागतात. पाणी कमी पडले असावे किंवा खत संपले असावे असे समजून बहुतेक जण आधी पाणी वाढवतात आणि मग युरियाची मूठ टाकतात. पान उलटून पाहायचे मात्र राहून जाते, आणि पानातला रस शोषणारा, डोळ्याला जेमतेम दिसणारा लाल कोळी नेमका पानाच्या खालच्या बाजूलाच असतो. युरियामुळे पाने कोवळी व रसाळ होतात, म्हणजे आपण त्याचीच सोय करतो.

कोळी हा कीटक नव्हे. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ पाय असतात, पंख नसतात, आणि मावा-तुडतुड्यांवर चालणारी पुष्कळ औषधे त्याच्यावर चालत नाहीत. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. नाव लाल कोळी असले तरी भाजीपाल्यावर सर्रास आढळणारा दोन ठिपक्यांचा कोळी बहुधा पिवळसर हिरवा असतो आणि त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक गडद ठिपका दिसतो. मादी काचेच्या मण्यासारखी गोल, पारदर्शक अंडी घालते. त्यातून सहा पायांचे पिल्लू निघते आणि पुढच्या दोन अवस्था पार करून ते प्रौढ होते. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हा सगळा प्रवास आठ-दहा दिवसांत संपतो, आणि एक मादी आपल्या आयुष्यात सुमारे शंभर अंडी घालू शकते. नराशी संबंध न आलेली मादीही अंडी घालते. त्यातून फक्त नर निपजतात आणि पुढे त्यांच्याशीच तिचा समागम होतो. त्यामुळे वाऱ्याबरोबर उडत आलेली एकटी मादीसुद्धा नवी वसाहत उभी करू शकते.

कोळी सुईसारख्या मुखांगांनी पानातील पेशी टोचून त्यांतील हरितद्रव्यासह रस शोषतो. रिकाम्या झालेल्या पेशींमुळे पानाच्या वरच्या बाजूला बारीक पांढुरके ठिपके उठतात, ते एकमेकांत मिसळतात, पान तांबूस होते आणि गळते. शेवटी शेंड्यांवर जाळी दिसते. जाळी दिसल्यावर जागे होणे म्हणजे उशीर झाला असे समजावे, कारण तोवर कोळी धाग्याला लोंबकळून वाऱ्यावर आणि तोडणी करणाऱ्यांच्या कपड्यांवरून पुढच्या वाफ्यांत पोचलेले असतात.

म्हणून फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा पाहणी करावी, आणि ती कच्च्या रस्त्याकडच्या कडेपासून सुरू करावी. धूळ बसलेल्या झाडांवर कोळी आधी वाढतो. दहा-बारा झाडांची खालची व मधली पाने उलटून मुख्य शिरेच्या दोन्ही बाजू दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहाव्यात. भिंग नसेल तर पांढऱ्या कागदावर पान झटकावे. आपल्याकडच्या तांबड्या मातीची धूळ आणि कोळी कागदावर सारखेच दिसतात, त्यामुळे कागद अर्धा मिनिट स्थिर धरावा. जे ठिपके चालू लागतात ते कोळी. मिरचीत आणखी एक फसगत होते. तिची कोवळी पाने कडांनी खाली वळली असतील तर तो जाळी न करणारा पिवळा कोळी असण्याची शक्यता असते, आणि वर वळली असतील तर बहुधा फुलकिडे असतात. माडाच्या कोवळ्या फळांवर देठाजवळच्या पाकळ्यांखाली राहणारा कोळी तर पूर्णपणे वेगळा आहे आणि त्याचे उपायही वेगळे आहेत.

एका वर्षी मी भेंडीतील फळे पोखरणाऱ्या अळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषध लागोपाठ तीनदा फवारले. अळी आटोक्यात आली, पण पंधरवड्यात अर्धा वाफा तांबूस पडला. या औषधांनी कोळी फारसा मरत नाही; मरतात ते त्याला खाणारे. मोहरीच्या दाण्याएवढा काळा ढालकिडा आणि परभक्षी कोळी हे त्यांतले महत्त्वाचे. परभक्षी कोळी ओळखणे सोपे आहे: लाल कोळी सावकाश चालतो, तर हा चकचकीत आणि भिंगाखाली सतत धावताना दिसतो. बऱ्याच पानांवर असे धावणारे दिसत असतील आणि नुकसान थोडे असेल, तर फवारणी आठवडाभर लांबवण्याचे धाडस करावे.

पहिला उपाय पाण्याचा. सकाळी पाइपाच्या तोंडावर बोट धरून जोराची धार पानांच्या खालून मारावी आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने हे तीन-चार वेळा करावे; जाळी तुटते, धूळ जाते आणि कोळी खाली पडतात. संध्याकाळी पाने भिजवू नयेत, कारण रात्रभर ओली राहिलेली पाने रोगांना आमंत्रण देतात. जास्त किडलेली पाने तोडून, पिशवीत बांधून शेताबाहेर न्यावीत.

एवढ्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल थोड्या साबणासह नीट घुसळून फवारावे. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक हाही जुना आणि स्वस्त उपाय आहे, पण ते भर उन्हात मारल्यास पाने करपतात, काकडीवर्गीय वेली ते सहन करीत नाहीत, आणि तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे ते वापरू नये. नोझलचे तोंड वर वळवून पानांची खालची बाजू भिजवली नाही तर यांतले काहीच उपयोगी पडत नाही.

कोळीनाशक शेवटी. स्पायरोमेसिफेन, फेनाझाक्विन, प्रोपारगाइट यांपैकी जे घ्याल त्याच्या लेबलावर आपल्या पिकाचे नाव आहे की नाही ते आधी वाचावे आणि मात्रा तिथलीच धरावी. एकच औषध पुनःपुन्हा मारल्यास कोळी त्याला लवकर दाद देईनासा होतो, म्हणून पुढच्या वेळी गट बदलावा. प्रोपारगाइटने अंडी मरत नाहीत, त्यामुळे त्याच्या फवारणीनंतर पाच-सहा दिवसांनी पुन्हा पाहणी करावी. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डायकोफॉलवर आता देशात बंदी आहे. कोणाच्या कोठारात जुनी बाटली असली तरी ती वापरू नये.

भेंडी दिवसाआड तोडावी लागते, त्यामुळे फवारणी आणि तोडणी यांमधील प्रतीक्षाकाळ मोजणे इथे सर्वांत अवघड जाते. फवारणीच्या सकाळी विक्रीजोगी सगळी भेंडी तोडून घ्यावी आणि प्रतीक्षाकाळात तयार होणारी टाकून द्यावी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार साधायचा असेल तर दिवस गुरुवारपासून मागे मोजावेत. हंगाम संपल्यावर वाळलेली झाडे बांधावर रचून ठेवू नयेत. ती उपटून लगेच शेताबाहेर न्यावीत आणि बांधावरचे तणही काढावे, कारण शेजारच्या वाफ्यातली उशिरा लावलेली वांगी अजून हिरवी असतात आणि कोळी तिकडेच निघतो.